डबीचं पहिलं आवतन

३ डिसेंबर, बुधवार

माझ्या 'माणिक रेडिओ' दुकानातल्या नोंदवहीची मागची पानं कोरी पडली होती. पुढच्या पानांवर कोणाचा रेडिओ, काय बिघाड, कोणाच्या टीव्हीत पाल निघाली, असा चाळीस वर्षांचा मजकूर. आता जानेफळात रेडिओ राहिले नाहीत, आणि टीव्ही इतके चपटे झाले की पालीलाही आत शिरता येत नाही. तेव्हा मागची पानं माझी.

लिहायला कारण झालं अश्वजितचा फोन. माझ्या बायकोला, भिमाला, महिनाभरात दोनदा चक्कर आली, एकदा अंगणात, एकदा मळ्यात. ही बातमी धम्मशीलाने भावाला पुण्यात कळवली. पोरगी सासरी मेहकरात असली तरी तिचे कान जानेफळातच असतात. अश्वजित म्हणाला, "बाबा, जानेवारीच्या शेवटी गाडी घेऊन येतो. दोघंही चला आमच्याकडं. आई मळ्यात एकटी पडली तर तुम्हाला सांगणार कोण?"

मी म्हटलं, "डबी सांगीन."

बोलून बसलो. डबी अजून कोणाला काही सांगत नाही.

डबी म्हणजे भिमाच्या बी.पी.च्या गोळ्यांची डबी. गेल्या साली मीच बनवली. तळहातात मावते. वर बोटभर पडदा, एक लाल बटण, आत सर्किटची पट्टी आणि त्या पट्टीत मी व्हिडिओ पाहून पाहून लिहिलेला प्रोग्राम. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता तिच्यातून माझा आवाज येतो, "भिमा, गोळी घे वो. वरून पानी पिजो." सातवी शिकलेल्या माणसाच्या मानाने वाईट नाही.

आता तिला इंटरनेट जोडायचं. बटण दाबलं की खबर मला, धम्मशीलाला आणि अश्वजितला. तो म्हणाला, "जमलं तर पाहू. नाही जमलं तर बॅगा भरून ठेवा."

भिमा भाकर थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "पुन्यात वांगे कुंडीत लावतेत म्हने. मी काई कुंडीत जानार नाई."

८ डिसेंबर, सोमवार

परवा सहा तारखेला विहारात अभिवादन होतं, दुकान बंद. आज कुरिअरने इंटरनेटचा तुकडा आला. त्याला मोडेम म्हणतात. बिस्किटाएवढा, पोटात सिमकार्ड. कथलाचा डाग देऊन तासाभरात जोडला. ते काम हाताला सांगावं लागत नाही.

पण तारा जोडून भागत नाही. प्रोग्रामला समजावून सांगावं लागतं की बाबा, तुझ्या शेजारी नवा भाडेकरू आलाय, त्याच्याशी अमुक भाषेत बोल, तो गप्प बसला तर इतका वेळ थांब. व्हिडिओतला मास्तर हिंदीत सांगतो, आधी तुम्ही हॅलो पाठवा, मग त्याची पोच येऊ द्या, मग काय ते बोला. मला नवल वाटलं नाही. आपल्या एस.टी. स्टँडवरही रामराम झाल्याशिवाय कोणी कोणाला गाडीची वेळ विचारत नाही.

अश्वजितने एक सर्व्हर भाड्याने घेऊन दिला. म्हणजे कुठल्यातरी शहरात असलेला, कधीच न झोपणारा संगणक. डबीची खबर आधी त्याच्याकडे जाणार, तो ती आमच्या फोनवर पोचवणार. मी त्याला चावडी म्हणतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले. डबी हॅलो म्हणते, उत्तर नाही. प्रोग्राम पन्नासदा वाचला. सिमकंपनीचा पत्ता, ज्याच्याशिवाय इंटरनेटचं दार उघडत नाही, तो सतरा वेळा टाइप केला. मोडेम बदलून मागवावा म्हणून कागदही काढला.

दुपारी भिमा डबा घेऊन दुकानात आली. डबी हातात घेऊन फिरवून पाहिली. मी तिला नव्या टिनाच्या डब्यात बसवली होती, मजबुती म्हणून.

"अवो, हे कोनाले हाका मारून राह्यली?"

"मोबाइलच्या टॉवरले."

"टिनाच्या डब्यात तोंड घालून? कोनाले ऐकू जाईन?"

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांवर अँटेना चढवल्या. गावाला सांगत फिरलो की अँटेनाजवळ पत्रा नको. अन् स्वतःची अँटेना पत्र्यात कोंबून बसलो. साबणाची प्लॅस्टिकची डबी आणली, सर्व तिच्यात हलवलं. दहा मिनिटांत टॉवर सापडला.

भिमाने कोणाला सांगितलं नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

नवी अडचण. इंटरनेटचा प्रोग्राम आत टाकला तर पट्टी म्हणते जागा नाही. घर तेवढंच, अन् पाहुणे वऱ्हाड घेऊन आलेले. काही तरी बाहेर काढणं भाग होतं. सगळ्यात जास्त जागा माझ्या आवाजाने अडवली होती. तो काढला. त्याच्या जागी टीं-टीं असा सूर टाकला, तो चिमूटभर जागेत मावतो. काम तेच.

संध्याकाळी सातला डबी टीं-टीं बोलली. भिमाने ती कानाला लावली, हलवली.

"तुमी कुठी गेले याच्यातून?"

मी तिला मेमरी म्हणजे काय ते नीट समजावलं. ती "बरं" म्हणाली. समजूतदार आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गेली! खबर गेली!

सकाळी मळ्यात जाऊन भिमाकडून बटण दाबून घेतलं. तिथून चावडी, चावडीतून माझा फोन, धम्मशीलाचा फोन, अश्वजितचा फोन. "भिमाबाई. मळा. मदत." चावडीने डबीला पोचही दिली, पडद्यावर टिकली उमटली. धम्मशीलाने मेहकरहून फोनवर ओरडून सांगितलं, "बाबा, आला आला!" वांग्याच्या ओळीत उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. भिमा म्हणाली, "पाय उचला, रोपावर हाये."

२२ डिसेंबर, सोमवार

आनंद तीन दिवस टिकला. भिमा डबी कमरेच्या पिशवीत ठेवते. मेथी कापायला बसली की इळ्याची मूठ बटणावर दाबते. काल चार वेळा, आज पाच वेळा. अश्वजित ऑफिसातली बैठक सोडून बाहेर आला. धम्मशीलाने पोळी तव्यावर टाकून फोन केला, पोळी जळली. मी दुकान उघडं टाकून दोनदा मळ्यापर्यंत पळालो. तिथं ही बाई मेथीच्या जुड्या बांधून राहिलेली.

अश्वजित फोनवर म्हणाला, "बाबा, असं असेल तर डबी नसलेली बरी. लांडगा आला रे आला होईल."

खरं आहे. बटण पिशवीबाहेर ठेवायला सांगितलं तर भिमा म्हणते मग ती पडते. बटण कडक केलं तर तिच्या बोटांनी दाबत नाही. दोन्हीकडून पंचाईत.

२४ डिसेंबर, बुधवार

सुचलं! आणि सुचलं ते जेवताना.

आपल्याकडे कार्यक्रमाच्या जेवणाला कसं बोलावतात? आदल्या दिवशी आवतन. ते ऐकून कोणी उठत नाही. मग ताटं मांडली की घरचा माणूस पुन्हा दारात जातो, चला, जेवायला चला. ते बोलावणं. बोलावणं आल्याशिवाय मानाचा माणूस चप्पल घालत नाही. तीच रीत डबीला. पहिलं बटण म्हणजे आवतन, चावडीने ऐकून घ्यावं आणि गप्प बसावं, पोचही देऊ नये. पाच मिनिटांत दुसऱ्यांदा बटण दाबलं तर ते बोलावणं. तेव्हाच तिघांना खबर. इळ्याची मूठ चुकून एकदा दाबेल, लागोपाठ दोनदा कशाला दाबते?

भिमाला सांगितलं. ती म्हणाली, "अन् दुसऱ्या खेपी दाबता नाई आलं तं?"

"एकदा आलं तर दुसऱ्यांदा काऊन येणार नाही?"

एक बारीक अडचण मात्र आली. चावडीच्या प्रोग्रामला पहिल्या आवतनासाठीही कोणाचा तरी नंबर लागतो, रकाना रिकामा ठेवला की सगळंच अडतं. माझा टाकला तर पुन्हा दिवसभर धावपळ. भिमा म्हणाली, "रंगराव भाऊजीचा टाका. त्यायचा मळा लागून हाये."

रंगरावाचं नाव तिने काढलं म्हणून लिहितो. आमचा मळा आणि त्याचा मळा यांच्यात एक धुरा, मातीचा बांध; त्याचं घरही मळ्यातच. शाळेत एका पाटीवर लिहिलं, पोहायला एका विहिरीत शिकलो. नऊ वर्षांपूर्वी धम्मशीलाचं लग्न झालं, मी पत्रिका स्वतः त्याच्या हातात दिली, आणि हा माणूस गावात असून लग्नाला आला नाही. जेवायला नाही, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला नाही. का, तर बोलावणं आलं नाही म्हणे. आता सख्ख्या दोस्ताला काय दोनदा बोलवायचं असतं? तेव्हापासून बोलणं बंद.

मी म्हटलं, "टाकतो त्याचाच. तसाही तो पहिल्या आवतनाला कधी येत नाही. रकाना भरल्याशी काम."

खरंच टाकला. मजा वाटली.

२७ डिसेंबर, शनिवार

डबी आता गरीब गाईसारखी वागते. चावडीच्या नोंदीत आज तीन आवतनं, बोलावणं एकही नाही, तिघांचे फोन शांत. मी दुकानात बसून एक अख्खा मिक्सर दुरुस्त केला. अश्वजित म्हणाला, "आता बरंय. पण खरी वेळ आल्यावर पाहू."

संध्याकाळी भिमा म्हणाली, "आज रंगराव भाऊजी धुऱ्यावर आले होते. खाकरले अन् वापस गेले."

"काय पाहिजे होतं?"

"काई नाई. पाह्यलं अन् गेले. तीनदा."

म्हातारपणी माणूस भटकतो.

२ जानेवारी, शुक्रवार

रंगराव पुन्हा धुऱ्यावर. आज दोनदा. एकदा तर हातातलं फावडं तसंच घेऊन पळत आला, भिमा म्हणते, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. तिने विचारलं, "काय वो भाऊजी?" तर म्हणाला, "काई नाई, वहिनी. मेथी चांगली आली."

मला संशय आहे की त्याचा डोळा आमच्या पाण्यावर आहे. त्याची विहीर आटत आली असणार. भिमाला म्हटलं, नजर ठेव. ती हसली. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

डबीचा टीं-टीं तिला ऐकू येत नाही असं दिसतं. सकाळी आठला वाजली, ती चुलीपाशी बसून राहिली. मी म्हटलं, गोळी? म्हणाली, घेते. आवाज वाढवून दिला. आता शेजारचं कुत्रंही उठतं.

७ जानेवारी, बुधवार

आज प्रोग्राम लिहिण्यात लक्ष लागलं नाही. एक कंस विसरलो, तो शोधण्यात दुपार गेली.

झालं असं की भिमाची आणि रंगरावाच्या बायकोची, अन्नपूर्णाबाईची, विहिरीवर गाठ पडली. त्या दोघी बोलतात. नऊ वर्षांत एक दिवस बंद नाही, हे मला आज समजलं. अन्नपूर्णाबाईने तिला लग्नाच्या दिवसाचं सांगितलं. रंगराव नवं धोतर नेसला होता. सकाळी दहापासून ओसरीत बाजेवर बसला, चपला समोर मांडून. पोरीला द्यायची पैठणी मांडीवर. चार वाजले तरी उठला नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "जा ना तसेच, घरचंच लगन हाये." तर म्हणाला, "माणिक येईन. तो आल्याबिगर मी कसा जाऊ, त्याले वाईट वाटीन."

भिमाने हे सांगितलं आणि भाजी निवडत बसली.

खरं तेच लिहायचं तर, त्या दिवशी बोलावण्याला मीच निघालो होतो. मारुतीच्या पारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून माणूस पळत आला की भोंगा बंद पडला, मंगलाष्टकांचं तर सोडा, आपल्याला त्रिशरणही ऐकू यायचं नाही. मी परतलो आणि भोंगा उघडून बसलो. मग पंगत उठली, मग पोरीची पाठवणी.

भोंगा मात्र चांगला दुरुस्त झाला होता.

१४ जानेवारी, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज मेहकरच्या दवाखान्यात, भिमाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून लिहितो आहे. ती झोपली आहे. आधी तेवढं लिहून ठेवतो, ती बरी आहे.

काल सकाळी साडेदहाचा सुमार. दुकानात पंख्याचं काम चाललं होतं. फोन वाजला. पडद्यावर रंगरावाचं नाव. नऊ वर्षांत न वाजलेला नंबर. मला वाटलं चुकून दाबला असेल, उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. मग दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा उचलला.

"माणक्या, काऊन उचलत नाई बे! वहिनी पडली. शुद्धीवर हाये. भाजीच्या टेम्पोत घातलं, अन्नपूर्णा संगं हाये. सरळ मेहकरले निंगालो. स्टँडपाशी उभा राय, उचलतो तुले."

टेम्पो आला. मागे मेथीच्या जुड्यांवर सतरंजी, तिच्यावर भिमा, डोकं अन्नपूर्णाबाईच्या मांडीवर, कपाळाला लुगड्याचा पदर गुंडाळलेला, लाल झालेला. मी वर चढलो. तिने डोळे उघडून मला पाहिलं.

"वांगे तोडाचे राह्यले," म्हणाली.

मेहकरपर्यंत मी तिची चप्पल हातात धरून बसलो.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला चार टाके घातले, मनगट प्लॅस्टरमध्ये. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाण्यात पडल्या होत्या ना? किती वेळ?" रंगराव मागून म्हणाला, "पाण्याच्या दांडात पडल्या होत्या. पाणी चालू होतं. तोंड दांडाच्या काठाले टेकेल होतं, बोटभर खाली असतं तं…" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर उचललंत. अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. मी विचारलं, "तुले कसं समजलं?"

त्याने खिशातून फोन काढला, चष्मा नाकावर ओढला, आणि माझ्यापुढे धरला. एकाखाली एक, नुसती रांग. भिमाबाई. मळा. आवतन. भिमाबाई. मळा. आवतन. मी मोजली नाहीत, पण बोट सरकवून सरकवून संपत नव्हती. शेवटचं काल सकाळी दहा सतराचं.

"हे कोन पाठवते मले माहीत नाई," तो म्हणाला. "पंधरा-वीस दिस झाले, रोजचं चालू हाये. मी जातो, पाह्यतो, वहिनी मेथी कापून राह्यल्या असतात. खाकरतो अन् वापस येतो."

"इतक्या वेळा खोटंच निघालं. मंग आज काऊन गेला बे?"

"आवतन होतं ना."

"पहिलंच होतं ते. दुसरं आलंच नाई. डबी पाण्यात गेली."

त्याने फोन परत खिशात ठेवला. मग म्हणाला, "दुसऱ्याची वाट पाहून पाह्यलं हाये मी एक डाव. काई फायदा नाई झाला."

मी उठून चहा आणायला गेलो. दोन आणायचे होते, चार आणले. काय करून राहिलो ते समजत नव्हतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

भिमा घरी आली. धम्मशीला सोबत आली आहे, चार दिवस राहील. अश्वजित कालच निघणार होता, भिमानेच फोनवर थांबवलं, "ठरल्या टायमाले ये. मी काई पळून नाई जाऊन राह्यली."

डॉक्टरीणबाईंचा एक प्रश्न राहिला होता. बी.पी. इतकं वाढलं कसं? धम्मशीलाने गोळ्यांची पाकिटं मोजली. महिन्याभरात निम्म्या गोळ्या तशाच.

मी म्हटलं, "भिमा, डबी तर इतकी मोठ्यानं वाजते!"

"वाजते ना. टीं-टीं."

"मंग?"

"टीं-टीं कोन ऐकते? ते तं टेम्पोबी मांगं जाताना करते." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आधी तुमी सांगे. तुमी सांगाचं बंद केलं, मी घ्याचं बंद केलं."

धम्मशीला पदर तोंडावर घेऊन आत गेली. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

१९ जानेवारी, सोमवार

डबी तांदळाच्या डब्यात तीन दिवस वाळत घातली होती. मोडेम वाचला, पडदा गेला. बरंच झालं. पडद्यावर मी घड्याळ, फूल, चांदणं अशी चित्रं टाकून ठेवली होती, ती सगळी काढली. नवा पडदा बसवला, साधा, आकडे दाखवणारा. रिकाम्या झालेल्या जागेत इंटरनेटही मावतं आणि माझा आवाजही. हे महिन्यापूर्वी सुचायला काय झालं होतं? चांदणं ठेवलं आणि माणूस काढला.

नवा आवाज भरायला बसलो. "भिमा, गोळी घे वो." धम्मशीला म्हणे, बाबा, खोकलात मध्येच. भिमा आतून म्हणाली, "राहू दे खोकला. मंग वळखू येते."

चावडीच्या प्रोग्राममधली पाच मिनिटांची वाट पाहण्याची ओळ खोडली. आता पहिल्या आवतनालाच पोच, पहिल्या आवतनालाच खबर, चौघांना. चौथं नाव आता रकान्यात भरतीचं नाही, सगळ्यात वर आहे. इळ्याची मूठ दाबू नये म्हणून धम्मशीलाने डबीला कापडी झाकण शिवलं, चंचीसारखं. उघडायचं, मग दाबायचं. महिनाभर मी ज्याच्यामागे डोकं फोडत होतो ते तिने सुई-दोऱ्याने तासात केलं.

२४ जानेवारी, शनिवार

अश्वजित आला. गाडी मोठी आणली आहे, मागची शीट आधीच पाडून ठेवलेली, सामानाला जागा म्हणून. ती पाहून भिमाचं तोंड उतरलं. मी बॅगा भरल्या नव्हत्या, पण माळ्यावरून खाली काढल्या होत्या.

तो म्हणाला, "बाबा, मी स्वतः पाहणार."

दुपारी आईच्या हातातली डबी घेऊन एकटाच मळ्यात गेला. कोणाला सांगितलं नाही. तुरीच्या आडोशाला उभा राहिला, झाकण उघडलं, बटण एकदा दाबलं आणि मोबाइलवर वेळ लावली.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी धुऱ्यावरून रंगराव उडी मारून आला, एका हातात चप्पल, मागून अन्नपूर्णाबाई पाण्याची कळशी घेऊन. तुरीमागे पुण्याचा माणूस धडधाकट पाहून रंगरावाने त्याचा उद्धार सुरू केला. "अश्व्या, लेका, दम लागला मले! हे काय खेळनं हाये काय बे? तुह्या बापाले अक्कल नव्हती, तुले तं शिकवून शहाना केलं होतं!"

त्यानंतर एक मिनिटाने मी फटफटीवर पोचलो. मलाही तेच ऐकावं लागलं.

घरी आल्यावर अश्वजित ओट्यावर बसून बराच वेळ चपलेचा चिखल काडीने काढत होता. मग म्हणाला, "आमच्या सोसायटीत चार मिनिटांत लिफ्ट येत नाही." आणि भिमाला म्हणाला, "आई, गोळ्या वेळेवर घेशील?"

"हे बोलले तं घेईन."

"डबीतून ना?"

"डबीतूनच. येरवी कुठी बोलतेत?"

त्याने मागची शीट उभी केली. मी बॅगा माळ्यावर टाकल्या.

२५ जानेवारी, रविवार

आज मळ्यात रोडगे केले. अश्वजितच्या निमित्ताने, असं आम्ही सगळे म्हणत होतो. गोवऱ्यांचा हार, म्हणजे लाल निखारा, त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, आमच्याच वांग्यांची भाजी. भिमा एका हाताने सगळ्यांना कामाला लावत होती.

काल सांजेला मी रंगरावाच्या घरी जाऊन आवतन दिलं होतं. दारातूनच. "उद्या जेवाले येजो. वहिनीलेबी आन." तो "पाहू" म्हणाला.

आज बारा वाजता रोडगे राखेतून काढले, ताटं मांडली. अश्वजित म्हणाला, "काकाला फोन लावू?" मी म्हटलं, "फोन नाही." आणि निघालो.

धुऱ्यावर मधोमध, बाभळीपाशी, समोरून रंगराव येताना दिसला. पांढरं धोतर, टोपी, दाढी केलेली. अन्नपूर्णाबाई त्याच्या मागे, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी, जरीचा काठ बाहेर डोकावणारं. आम्ही दोघंही थांबलो.

"कुठी चालला बे?" मी विचारलं.

"तुह्याकडंच. वांग्याचा वास आला. अन् तू?"

"तुले बोलावाले."

आता धुरा हातभर रुंद. तो पुढे येऊ शकत होता, मी मागे वळू शकत होतो. कोणीच हललं नाही. मागून भिमाची हाक आली, "या ना आता, रोडगे थंडे होऊन राह्यले!"

रंगरावाने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"असं नाई जमत, माणक्या," तो म्हणाला. "मी घरी जातो. तू मांगून ये."

आणि खरंच वळला. अन्नपूर्णाबाईने माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला आणि त्याच्या मागे गेली. मी बाभळीखाली उभा राहून शंभर मोजले. सत्तरपर्यंतच मोजले असतील. मग गेलो.

त्याने दार लावून घेतलं होतं. मी कडी वाजवली.

"कोन हाये?"

"माणिक. चला रंगराव, ताटं वाढले. जेवाले चला."



"थांब," तो म्हणाला, "चपला घालतो."

दार उघडलं. चपला पायातच होत्या.